चौदा किलो दोनशेचा ताळा

कॅशिअरला संध्याकाळी पाचनंतर दोनच गोष्टींची भीती वाटते. एक, कॅश कमी निघण्याची आणि दोन, कॅश जास्त निघण्याची. बाहेरच्या माणसाला वाटतं, जास्त निघाली तर बरंच की! तसं नसतं. कमी निघाली तर खिशातून भरता येते. घरी सांगितलं नाही म्हणजे झालं. जास्त निघाली की झोप उडते. तो जादाचा रुपया कुणाचा तरी असतो, आणि तो कुणीतरी दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर येऊन सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात तुमच्या खानदानाची चौकशी करणार असतो. काचेच्या आड मी बावीस वर्षं काढली. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी ताळा जुळल्याशिवाय माझ्याच्याने जेवायला बसवत नाही. भाजीवाल्याने दिलेले सुटे पैसे मी अजून दोनदा मोजतो. दुसऱ्यांदा उलट्या बाजूने.

अशा माणसाच्या घरात केमिस्ट्री शिरू नये.

आमची नात यंदा अकरावी सायन्सला गेली. माझ्या शाळेतला प्राणवायू तिच्या आईच्या वेळेलाच ऑक्सिजन झाला होता. आता दहावीचं मराठी माध्यम सुटल्यावर राहिलेलंही सगळं इंग्रजीत गेलं. वस्तुमानाचं मास झालं, समीकरणाचं इक्वेशन झालं. एकटा मोल तेवढा दोन्हीकडे मोल राहिला, आणि त्यानेच घात केला.

"आजोबा, सिलिंडरमधल्या गॅसचे मोल काढायचेत," ती म्हणाली.

"मोल काय काढायचं? गॅसच्या पुस्तकात पावती असेल. सबसिडी धरून की सोडून?"

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मी पूर्वी चेकवर सही विसरलेल्या खातेदाराकडे पाहत असे. मग समजावून सांगितलं. मोल म्हणजे किंमत नव्हे, नग. आपण डझन म्हणतो तसं. डझन म्हणजे १२, मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. डझनभर केळी आणि डझनभर फणस यांचे नग सारखे, वजन वेगळं. तसं ऑक्सिजनच्या एका मोलाचं वजन ३२ ग्रॅम आणि ब्युटेनच्या एका मोलाचं ५८. रेणू हातात धरून मोजता येत नाहीत, म्हणून वजन करायचं आणि वजनावरून नग काढायचे. हे मला लगेच पटलं. चिल्लरीच्या पिशव्या आम्ही बँकेत अशाच मोजायचो. एका नाण्याचं वजन ठाऊक असलं की पिशवी काट्यावर ठेवायची, आत किती नाणी आहेत ते कळतं. फक्त आमच्या पिशवीत इतकी शून्यं कधी नव्हती.

"आता सांगा," ती म्हणाली, "एक अख्खा सिलिंडर जळला, तर कार्बन डायऑक्साइड किती किलो तयार होईल?"

गॅस १४.२ किलो. हे मला पाठ आहे, सिलिंडरवर लिहिलेलं असतं. मी सोनाराच्या धोरणाने विचार केला. सोनं वितळवलं की थोडी घट येते, इथे तर जाळायचंय. उष्णता गेली, उजेड गेला, फोडणीच्या वासाबरोबर काही गेलं असेल.

"धर तेरा किलो. घट वजा जाता."

"त्रेचाळीस."

"दशांश चिन्ह बघ. ४.३ असेल."

"त्रेचाळीस किलो, आजोबा. शिवाय बावीस किलो पाणी."

मी चष्मा काढून पुसला. चौदा किलो दोनशे जमा आणि पासष्ट किलो नावे! ५१ किलोचा फरक! आमच्या बँकेत एवढ्या फरकावर रिझर्व्ह बँकेची माणसं आली असती. मी तिला अत्यंत शांतपणे सांगितलं, की बाळ, तुझ्या पुस्तकात छपाईची चूक आहे, उद्या बाईंना दाखव.

तिने वही माझ्यापुढे सरकवली.

तिची वही पाहून मला गहिवरून आलं, कारण मधे उभी रेघ होती. डाव्या बाजूला आत येणारं, उजव्या बाजूला बाहेर जाणारं. मधे बाण होता एवढंच. बाकी तो शुद्ध जमाखर्च होता. डावीकडे ब्युटेन, ज्यात ४ कार्बन आणि १० हायड्रोजन. त्याच्याशेजारी ऑक्सिजन, जो कायम जोडीने फिरतो. उजवीकडे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. आता दोन्हीकडचे अणू जुळवायचे. ४ कार्बनसाठी ४ कार्बन डायऑक्साइड. १० हायड्रोजनसाठी ५ पाणी. उजवीकडे ऑक्सिजनचे अणू झाले १३. डावीकडे ते जोड्यांनीच येणार, म्हणजे साडेसहा जोड्या.

"साडेसहा?" मी म्हणालो. साडेसातीच्या अलीकडचं स्टेशन असावं तसं वाटलं.

"अर्धा रेणू नसतो ना, म्हणून सगळ्यालाच दोनाने गुणायचं." असं म्हणून तिने ब्युटेनचे २, ऑक्सिजनचे १३, कार्बन डायऑक्साइडचे ८ आणि पाण्याचे १० रेणू करून टाकले.

वर्गातल्या काही मुलांना ही गुणाकाराची खटपट नको असते म्हणे. ऑक्सिजन जुळत नाही असं दिसलं की ती पाण्याच्या सूत्रातच ऑक्सिजनचा एक अणू वाढवून देतात. ताळा जुळतो, पण पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. म्हणजे प्यायच्या ग्लासात केस ब्लीच करायचं औषध! ही मुलं मला ओळखीची वाटली. रोजकीर्द जुळत नाही म्हणून व्हाउचरवरच खाडाखोड करणारे दोघे आमच्या शाखेत होते. नग वाढवा, पण नाण्यावरचा आकडा बदलू नका, एवढाच नियम आहे हो! तो पाळला की मग वजनं घालायची. कार्बन १२, हायड्रोजन १, ऑक्सिजन १६. ब्युटेनच्या ५८ ग्रॅमला ऑक्सिजन लागतो २०८ ग्रॅम. त्यातून निघतो १७६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ९० ग्रॅम पाणी. डावीकडे २६६. उजवीकडे २६६.

सिलिंडरच्या मापाने वाढवलं, तर डावीकडे गॅस १४ किलो २०० ग्रॅम आणि ऑक्सिजन ५० किलो ९२४ ग्रॅम. उजवीकडे कार्बन डायऑक्साइड ४३ किलो ९० ग्रॅम आणि पाणी २२ किलो ३४ ग्रॅम. बेरीज दोन्हीकडे ६५ किलो १२४ ग्रॅम. (आपल्या सिलिंडरमध्ये नुसतं ब्युटेन नसतं, प्रोपेनही मिसळलेलं असतं. सगळं प्रोपेन धरलं तरी कार्बन डायऑक्साइड ४२.६ किलो येतो. तेवढा फरक ऑडिटरही सोडून देतो.)

मी ती बेरीज दोनदा केली. दुसऱ्यांदा उलट्या बाजूने. जुळली.

त्या रात्री जेवण गेलं, पण झोप आली नाही. ते ५१ किलो कोणाचे? गॅसचे पैसे मी भरतो, पावती माझ्या नावावर. आणि या व्यवहारात माझं भांडवल सगळं मिळून चौदा किलो! उरलेले जवळपास ऐंशी टक्के जो घालतो, त्याची पावती नाही, नोंद नाही, साधं नाव नाही. उठून बसलो आणि आमच्या फ्लॅटचा हिशेब मांडला. चारशे चौरस फूट, उंची साडेनऊ फूट. एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२ किलो, म्हणजे आमच्या घरातल्या हवेचं वजन भरतं १२९ किलो. (आमच्या दोघांच्या वजनाची बेरीज तिच्या आसपास जाते, आकडा सांगण्याची मला परवानगी नाही.) त्यात वजनाने २३ टक्के ऑक्सिजन, म्हणजे तीस किलो. एका सिलिंडरला लागतो ५१ किलो. तेव्हा एक सिलिंडर पुरा जाळायचा तर जवळजवळ पावणेदोन फ्लॅटमधला सगळा ऑक्सिजन संपवावा लागेल. हे कार्पेट एरियाने. बिल्डरच्या सुपर बिल्टअपने मोजलं तर सव्वा फ्लॅटमध्ये भागेल.

दुसऱ्या दिवशी नातीकडून समजलं, की या भानगडीत पडून झोप घालवणारा मी पहिला नव्हे. युरोपातल्या भल्याभल्यांनी शंभरेक वर्षं घालवली आहेत. अठराव्या शतकात जर्मनीत श्टाल नावाचे एक गृहस्थ होते. त्यांचं म्हणणं असं, की जळणाऱ्या प्रत्येक वस्तूत फ्लॉजिस्टन नावाचं एक द्रव्य असतं, वस्तू जळते म्हणजे ते निघून जातं. लाकूड जळलं, राख उरली, फ्लॉजिस्टन गेलं. दिसायला ठीक आहे. होळीच्या दुसऱ्या दिवशी चौकात गेलो तर मीही हेच म्हटलं असतं. पंचाईत झाली धातूंनी. शिसं किंवा कथील तापवून त्याची भस्मं केली तर वजन घटण्याऐवजी वाढायचं. म्हणजे काहीतरी निघून गेलं आणि वस्तू जड झाली! यावर काही जणांनी काढलेली तोड ऐकून मी खुर्चीतून उठलो. त्यांनी सांगितलं, फ्लॉजिस्टनचं वजन उणे असतं.

अहो, हे सस्पेन्स खातं! प्रत्येक बँकेत असतं. जी रक्कम कुठेच बसत नाही, ती तात्पुरती सस्पेन्सला टाकतात आणि सुटीवर जातात. उणे वजनाचं द्रव्य ही कल्पना कुठल्या शास्त्रज्ञाला सुचली असेल यावर माझा विश्वास नाही. ती मार्चअखेरीला रात्री अकरा वाजता सुचते.

हे खातं बंद केलं पॅरिसच्या आंत्वान लव्हाझिएने, आणि हा माणूस मला एकदम घरचा वाटला, कारण तो मुळात वसुलीतला. फ्रान्सच्या राजाकडून करवसुलीचा इजारा घेणारी एक मंडळी होती, तिचा तो भागीदार. दिवसा मीठ-तंबाखूवरचा कर आणि सकाळ-संध्याकाळ प्रयोगशाळा. इजाऱ्यातून मिळालेला पैसा त्याने तराजूंवर घातला. असे काटे करवून घेतले की त्या काळात तसे दुसरीकडे सापडणं मुश्कील. १७७२ साली त्याने फ्रेंच विज्ञान अकादमीकडे एक बंद लखोटा ठेवला. गंधक आणि फॉस्फरस जाळले की त्यांचं वजन वाढतं, आणि ते हवेतून काहीतरी घेतल्यामुळे, असं आत लिहिलेलं. लखोटा सीलबंद, तारीख घालून! याला म्हणतात बँकेचा माणूस. पुढे त्याने बंद भांड्यात वस्तू जाळल्या, भांड्यासकट आधी वजन, नंतर वजन. फरक शून्य. जे आत होतं ते आतच राहिलं, एवढंच की एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलं. हवेतल्या त्या भागीदाराला त्याने ऑक्सिजन हे नाव दिलं. १७८९ सालच्या त्याच्या पुस्तकातल्या उपकरणांच्या आकृत्या त्याच्या बायकोने, मारी-आनने, काढल्या. प्रयोगाच्या नोंदीही तीच ठेवायची. ही गोष्ट माझ्या बायकोने दोनदा सांगायला लावली.

शेवट वाईट झाला. राज्यक्रांतीत सगळे इजारदार पकडले गेले. त्यांच्यावर जे आरोप होते, त्यात एक असाही, की यांनी तंबाखूत पाणी घालून वजन वाढवलं. ८ मे १७९४ रोजी लव्हाझिएचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला. त्याच दिवशी त्याच्या सासऱ्यांचाही. वस्तू जळताना वाढणारं वजन कुठून येतं हे ज्याने साऱ्या जगाला शोधून दिलं, त्याच्यावर ओल्या तंबाखूच्या वाढीव वजनाचा आरोप! मला त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

या सगळ्या हिशेबाला जे नाव आहे, स्टॉइकिओमेट्री, ते रिश्टर नावाच्या एका जर्मनाने १७९२ च्या सुमारास काढलं. ग्रीकमध्ये मूलद्रव्य अधिक मोजमाप. नाव उच्चारायला दाताची कवळी घट्ट असावी लागते, यापलीकडे मला त्याच्याविषयी काही म्हणायचं नाही.

पुढचे आठ दिवस माझे फार चांगले गेले. घरच्यांचे कसे गेले ते वेगळं. मी एक दोनशे पानी वही केली आणि जे जळेल त्याचा जमाखर्च मांडू लागलो. दोन कप चहाला साधारण दहा ग्रॅम गॅस धरला, तर कार्बन डायऑक्साइड तीस ग्रॅम. तीस म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण तो सतरा लिटर जागा व्यापतो, म्हणजे एक बादली. बायको सकाळी चहा टाकायला उठली की मी अंथरुणातून ओरडायचो, "एक बादली!" तिसऱ्या दिवशी चहाच मिळाला नाही.

आरतीच्या वेळी कापूर लावला. आपल्याकडे किती कीर्तनकारांनी सांगितलं असेल, कापूर बघा, स्वतः जळतो, मागे काही ठेवत नाही. मागे काही ठेवत नाही कसं? एक ग्रॅम कापूर २.८४ ग्रॅम ऑक्सिजन घेतो आणि ३.८४ ग्रॅम माल बाहेर टाकतो, जवळपास चौपट! हे मी आरती संपायच्या आत सांगितलं, ही माझी चूक झाली. आमच्या मजल्यावरच्या काकू ताम्हनावर हात फिरवून डोळ्यांना लावत होत्या, त्या मधेच थांबून हाताकडे बघू लागल्या.

शेजारच्या साहेबांना पेट्रोल पंपांविषयी जुना संशय आहे, पेट्रोलमध्ये पाणी असतं म्हणून. मी त्यांना कागदावर करून दाखवलं, की एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आत-बाहेर, ते पुरं जळलं की त्यातून लिटरभर पाणी तयार होतं, जरा जास्तच. थंडीत सकाळी गाडीच्या सायलेन्सरच्या नळीतून थेंब पडतात ना, तेच. "म्हणजे पाणी आहेच!" ते म्हणाले आणि समाधानाने घरी गेले. कार्बन डायऑक्साइड सव्वादोन किलो, हा भाग त्यांनी ऐकूनच घेतला नाही.

बागेतल्या हास्यक्लबात तर वादच झाला. तिथे सगळे वजन कमी करायला येतात. मी विचारलं, कमी झालेलं वजन जातं कुठे? एक जण म्हणाला घामातून. एक म्हणाला त्याची उष्णता होते. एक जण म्हणाला ते सांगण्यासारखं नाही. खरं उत्तर असं, की चरबीसुद्धा आत जळतेच, आणि दहा किलो चरबी जळाली तर तिच्यातले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर जातात, पाणी होतं १.६ किलोचं. त्यासाठी २९ किलो ऑक्सिजन आत घ्यावा लागतो. म्हणजे हे सगळे पोटाचे घेर नाकातून जाणार आहेत. हे ऐकून आमचा पहिल्या रांगेतला जाडा गडी इतक्या जोराने हा हा करू लागला, की त्याला खाली बसवावं लागलं.

गंमत बाजूला ठेवून एक सांगतो, कारण ते वहीत आल्यावर माझाच हात थांबला. ब्युटेनच्या दोन रेणूंना ऑक्सिजनचे तेरा लागतात. तेराऐवजी नऊच मिळाले तर? नातीने तेही समीकरण जुळवून दाखवलं. पाणी तेवढंच, दहा. पण प्रत्येक कार्बनच्या वाट्याला दोनाऐवजी एकच ऑक्सिजन येतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तात तो ऑक्सिजनची जागा बळकावतो. बंद बाथरूममध्ये, खिडकी लावून, गॅस गिझर सुरू ठेवला की नेमकं हेच होतं. थंडीच्या दिवसांत पेपरात येतात त्या बातम्या या चाराच्या फरकाच्या आहेत. आमच्या बाथरूमच्या खिडकीला मी गेल्या डिसेंबरात वारा येतो म्हणून पुठ्ठा लावला होता. गणित संपायच्या आत तो काढून आलो.

ही जी कमी पडणारी वस्तू, तिला पुस्तकात लिमिटिंग रीएजंट म्हणतात. नातीला ते कळत नव्हतं, आणि इथे पहिल्यांदा बायको आमच्या अभ्यासात पडली. तिने हात पुसत विचारलं, "गणपतीला मोदक किती होतात ते कशावर ठरतं?"

"सारणावर," मी म्हणालो.

"तुम्ही कधी केलेत? उकडीवर. सारण दर वर्षी उरतं. पारी संपली की मोदक संपले, मग सारण कितीही असो. उरलेलं सारण वाटीत घेऊन कोण खातं ते सगळ्यांना माहीत आहे."

नातीने टाळी वाजवली. क्लासच्या सरांना दोन तास लागले होते, आणि तरीही ते जमलं नव्हतं.

आणि मग त्याच संध्याकाळी ते घडलं. मी नातीला म्हणालो, बाकी सगळं पटलं, पण बावीस लिटर पाणी मला पटत नाही. सिलिंडर आम्हाला ४७ दिवस जातो. म्हणजे रोजचं जवळजवळ अर्धा लिटर पाणी या शेगडीतून निघतं. आगीतून पाणी! मग ते दिसत का नाही? तीस वर्षं या घरात गॅस जळतोय, मी एक थेंब पाहिलेला नाही.

बायकोने फ्रीजमधून दुधाचं पातेलं काढलं, बूड फडक्याने कोरडं पुसून मला दाखवलं आणि शेगडीवर ठेवलं. गॅस पेटवला. "बघा खालून."

मी वाकलो. पातेल्याच्या बुडावर धुकं धरलं, धुक्याचे थेंब झाले, आणि एक थेंब बर्नरवर पडून चर्र झाला.

"थंड भांडं ठेवलं की बुडाला घाम येतो," ती म्हणाली. "ज्योतीतली वाफ गार बुडाला लागते नि तिचं पाणी होतं. भांडं तापलं की जातं. स्वयंपाकघरात उभं राहणाऱ्या प्रत्येक बाईला हे माहीत आहे. तुम्हालाही माहीत होतं. १९९७ साली."

मला आठवेना. म्हणजे आठवत होतं, पण आठवू नये असं वाटत होतं. त्या साली सासूबाईंनी लेकीला दिलेलं एक पितळी पातेलं आमच्याकडे होतं. जाड बुडाचं, कल्हई केलेलं, पाऊण किलोच्या वर. एकदा ही माहेरी गेलेली असताना मी स्वतः दूध तापवायला घेतलं आणि बर्नरवर चर्र चर्र ऐकलं. खाली पाहिलं तर बूड ओलं. मी निष्कर्ष काढला, की पातेलं गळतंय. गळकं भांडं घरात ठेवून गॅस वाया घालवण्यापेक्षा ते मोडीत घालून पैसे करावेत, असा व्यवहारी विचार केला आणि तो अमलातही आणला. ही परत आल्यावर मोठ्या अभिमानाने पावतीसुद्धा दाखवली होती.

"ते गळत नव्हतं," ती म्हणाली.

नात वही घेऊन हळूच बाहेरच्या खोलीत गेली. पोर हुशार आहे.

परवा गॅसवाला आला. आमची इमारत डोंबिवलीतली जुनी, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, आणि आम्ही तिसऱ्यावर. मी त्याला काटा लावायला सांगितला. भरलेला सिलिंडर २९.७ किलो, वर रंगवलेलं रिकामं वजन १५.५. चोख. मग त्याला पाणी दिलं आणि दम खाईपर्यंत सगळं समजावून सांगितलं. तो वर आणतो ते चौदा किलो, आणि आमच्या घरात त्याचे होतात पासष्ट. त्याने शांतपणे ऐकलं, रिकामा सिलिंडर खांद्यावर घेतला.

"काका, पासष्ट किलो?"

"पासष्ट किलो एकशेचोवीस ग्रॅम."

"आणि ते आपोआप जातं?"

"खिडकीतून."

"बरं आहे," तो म्हणाला. "नाहीतर ऑफिसवाल्यांनी तेही खाली आणायला लावलं असतं." आणि जिन्यावर आदळआपट करत निघून गेला.

मी नव्या सिलिंडरची तारीख टाकायला वही काढली. जुन्याचं पान तसंच उघडलं. डावीकडे ६५.१२४, उजवीकडे ६५.१२४, खाली दोन समांतर रेघा आणि माझी सही. सहीच्या खाली निळ्या शाईने, माझं नसलेलं अक्षर होतं:

"पितळी पातेलं, नग १. येणे बाकी."